पांढर

गाव म्हटलं की दोन जमिनी आल्या. एक काळी, पिकवणारी. दुसरी पांढरी, वसवणारी. काळीत नांगर चालतो, पांढरीत चूल पेटते. जुन्या कागदांत या दोघींची नावं जोडीनं येतात, कारण एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही.

काळीचं कौतुक प्रवरेच्या खोऱ्यात कोणाला शिकवावं लागत नाही. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांना पाणी खेळलं आणि देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या सगळ्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. कारखाने आले. कोणत्या शिवारात एकराला काय भाव चालतो हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. पांढरीकडे मात्र कोणी वळून पाहिलं नाही. मला आज एका पांढरीबद्दलच लिहायचं आहे. तिचं नाव दायमाबाद. आमच्या देवळालीहून ती फार लांब नाही. श्रीरामपूर तालुक्यात, लाडगावच्या शिवारालगत, प्रवरेच्या डाव्या काठावर ती बसून आहे. वय चार हजार वर्षांच्या वर.

दिसायला ती डोळ्यांत भरणारी नाही. कळस नाही, कमान नाही, तटबुरूज नाही, हात जोडावेत असा शेंदूर लावलेला दगडसुद्धा नाही. बाजूची जमीन काळीभोर आणि मध्येच हा राखट, पिवळट-पांढरा उंचवटा, एवढीच तिची ओळख. रंग असा का, तर पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेणसारवणाचे पापुद्रे, कोसळलेल्या मातीच्या भिंती, हाडं, भुसा, चुना हे सगळं एकावर एक साचून तिचं अंग झालेलं आहे. निसर्गानं तिला घडवलेलं नाही. माणसांनी नुसतं राहून राहून तिला उंच केलं. त्या साठलेल्या वस्तीचा थर पाच मीटरच्या घरात भरतो. एका माणसावर उभा दुसरा, त्याच्यावर आणखी एक, इतकी उंची केवळ राहण्यानं तयार झाली. ती मोजली की मला डोंगरी किल्ल्यांपेक्षा हिचा दरारा जास्त वाटतो.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की तिच्याकडे जावं. वरची धूळ वाहून जाते आणि खापरं उघडी पडतात. तांबड्या अंगावर काळ्या रेघा: आडव्या, तिरक्या, जाळीच्या, एकात एक गुंतलेल्या चौकटींच्या. बोटानं टिचकी मारली तर खण्‌ असा धातूसारखा आवाज येतो. हे जोर्वे पद्धतीचं भांडं. संगमनेर तालुक्यात याच प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. 1950-51 मध्ये हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं आणि या भांड्याला त्या गावाचं नाव मिळालं. लांब नळीची तोटी असलेला तांब्या आणि कंबरेत बाक असलेला वाडगा हे त्याचे दोन ठरलेले घाट. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत ते सापडतं. आपल्या नदीकाठच्या एका खेड्याचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांतून जगभर गेलं, ही गोष्ट आमच्या शाळेत मला कोणी सांगितली नव्हती. आजच्या मुलांना तरी ती सांगितली पाहिजे.

पांढरीचा स्वभाव सांगायचा तर पहिली गोष्ट ही, की ती कोणाला परत पाठवत नाही. सावळदा संस्कृतीची माणसं सर्वांत आधी आली, इ. स. पू. 2200 च्या सुमारास. तापीकाठच्या सावळदा गावावरून त्यांना ते नाव पडलं. स्वतःला ती काय म्हणवत होती ते तीच जाणोत. त्यांनी नदी पाहिली, काळी पाहिली आणि काठावर मातीच्या भिंतींची घरं घातली. कुणाचं घर एका खोलीचं, कुणाचं दोन-तीन खोल्यांचं. आत चूल, धान्य साठवायचे खड्डे आणि रांजण, काही घरांना पुढे अंगण. शेतात गहू, जव, मसूर, वाटाणा, मूग, उडीद. बारा-चौदा पिढ्यांपूर्वीचं आपलं घर डोळ्यांपुढे आणायचं तर आपण चाचपडतो, आणि इथं दीडशेहून अधिक पिढ्यांपूर्वीच्या घरातली चूल कुठल्या कोपऱ्यात होती ते सांगता येतं. मुगाची आणि मसुरीची आमटी या काठावर त्या दिवसांपासून शिजते आहे, असं म्हणायला माझी हरकत नाही.

त्यांच्यामागून, इ. स. पू. 2000 च्या आसपास, उत्तर हडप्पा काळातली माणसं आली. सिंधूच्या आणि सौराष्ट्राच्या बाजूची मोठी शहरं तेव्हा मोडकळीला आली होती. त्या लोकांचा एक धागा इथवर, प्रवरेपर्यंत पोचला. पांढरीनं त्यांच्या खुणा जपल्या: सिंधू लिपीतली अक्षरं असलेल्या बटणासारख्या मुद्रा आणि तशीच चिन्हं कोरलेली खापरं. लांबी, रुंदी, जाडीचं प्रमाण चारास दोनास एक असलेल्या कच्च्या विटा त्यांनी पाडल्या. हे प्रमाण हडप्पा लोकांच्या हातात बसलेलं होतं, आणि देश सोडला तरी ते हातातून गेलं नाही. त्यांच्यातल्या एकाला वस्तीतच विटांनी बांधलेल्या खड्ड्यात सरळ, उताणं निजवलेलं आढळलं. अंगावर वेताबोरूसारख्या वनस्पतीचं पांघरूण घातल्याच्या खुणा होत्या. सिंधू संस्कृतीच्या दक्षिणेकडच्या टोकाच्या जागा सांगताना अभ्यासक दायमाबादचं नाव घेतात ते यामुळे. मोहेंजोदडो आपण पाठ्यपुस्तकात शिकतो आणि ते परक्या देशात आहे म्हणून हळहळतो. त्याच कुळातलं एक माणूस आपल्या तालुक्याच्या शेजारी निजलं होतं.

पुढे दायमाबादचीच म्हणून ओळखली जाणारी संस्कृती आली, मग माळव्याकडची माणसं आली, शेवटी जोर्वे काळ आला. प्रत्येकाची भांडी वेगळी, रंगवायची रीत वेगळी, माणसाला निरोप द्यायची तऱ्हाही वेगळी. एका काळात पुरणं, दहनानंतर अस्थी कुंभात ठेवणं आणि नुसतं प्रतीक म्हणून भांडी ठेवणं अशा तिन्ही चाली एकाच वस्तीत चालल्या होत्या. तांबं वितळवायची भट्टी सापडली. माळवा काळातल्या थरात मातीच्या ओट्यांवर अग्निकुंडं आणि एका बाजूला अर्धगोल असलेलं देवघर वाटावं असं बांधकाम मिळालं. जोर्वे काळात वस्ती वाढून तिच्याभोवती मातीचा तट आणि बुरूज उभे राहिले. कुंभाराचं घर, मणी करणाराचं घर, चुना भाजणाराचं घर अशी घरं उत्खननात एकेक करून ओळखता आली. कुंभाराची भट्टी मोठी, बांधीव. याच काळातल्या मातीच्या एका नळकांडी मुद्रेवर घोडा जुंपलेल्या गाडीचं चित्र आहे. आज आपण ज्याला बारा बलुती म्हणतो त्याच्या कितीतरी आधी एका गावात वेगवेगळ्या हातांना वेगवेगळी कामं होती, आणि पांढरीनं कोणाची भट्टी कुठं होती ते विसरू दिलं नाही.

तिच्या पोटात काय आहे ते सांगताना एका गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन कुंभ घ्यायचे, त्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची, आत मूल ठेवायचं आणि घरातच, जमिनीखाली, आडवं पुरायचं. वरून जमीन सारवून घ्यायची. बाजूला छोटी भांडी ठेवायची. तोटीचा तांब्या, वाडगा. दायमाबादला सापडलेल्या दफनांत या कुंभांची संख्या सर्वांत जास्त आहे. प्रवरेच्याच काठच्या नेवाशालाही हीच रीत होती. तिथल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंशही टिकून राहिला होता. आईनं ती माळ काढून घेतली नाही. दुसऱ्या मुलाला होईल, जपून ठेवू, असा विचार तिनं केला नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत याच संस्कृतीत पावलं घोट्यापाशी तोडून मग पुरल्याचं आढळतं. गेलेला माणूस उठून चालत जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, घरातल्यांना त्यांची माणसं दूर जायला नको होती इतकं मला त्यातून कळतं. जमिनीवर पोर रांगतंय, आई दळतेय आणि त्याच जमिनीखाली हातभर अंतरावर तिचं आधीचं लेकरू आहे. ज्या पांढरीनं ही ठेव सांभाळली तिच्यावरून बैलगाडी हाकतानाही मन कचरावं, मग ट्रॅक्टर-ट्रॉली तर दूरच.

इ. स. पू. 1000 च्या सुमाराला माणसं तिला सोडून गेली. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या बहुतेक वस्त्या याच काळात ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी गावं आणखी तीनेकशे वर्षं तगून राहिली. पाऊस कमी होत गेला, शेती साथ देईना, असं पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळ म्हणजे काय हे नगर जिल्ह्याला समजावून सांगायला नको. आमच्याकडे आजही दोन पावसाळे कोरडे गेले की जनावरं दावणीतून सुटतात आणि माणसं गाव सोडतात. तेव्हा कालवा नव्हता, छावणी नव्हती. रांजण रिकामे झाले, माणसं उठली. नंतर कधीतरी दायमाबाद नावाचं गावही इथं होऊन गेलं आणि तेही उठलं. नाव तेवढं टेकाडाला चिकटून राहिलं.

त्यानंतर तिला भेटायला माणूस आला तो 1958 साली. बोपर्डीकरांनी ही जागा ओळखली. त्याच सुमारास मधुसूदन नरहर देशपांड्यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे पहिलं उत्खनन केलं. 1974-75 मध्ये लोथलचं उत्खनन केलेले एस. आर. राव आले. त्यानंतर एस. ए. साळी यांनी 1979 पर्यंत हंगामामागून हंगाम खणलं आणि त्यांचा जाडजूड अहवाल 1986 मध्ये छापून झाला. साळींचं काम मला विशेष मोलाचं वाटतं. एका टेकाडाच्या पोटातली पाच घराणी एकाखाली एक सुटी करून दाखवणं म्हणजे हाताच्या अंदाजानं, मातीच्या रंगावरून, खापराच्या काठावरून निर्णय घेत जाणं. एक थर चुकला तर शेकडो वर्षं चुकली. त्यात आमच्याच भागातले मजूर होते; कुदळीऐवजी खुरपं आणि ब्रश हातात धरून, ऊन डोक्यावर घेऊन ते बसले. उत्खननाच्या अहवालांत त्यांची नावं सहसा येत नाहीत. पण थराचा रंग बदलला की तो आधी त्यांच्या खुरप्याला कळतो.

आता तिची सर्वांत गाजलेली गोष्ट. 1974 साली इथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणून काढताना धातूची चार खेळणी लागली. खेळणी म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक रथ. सगळी भरीव कांस्याची, पोकळ नाहीत. हत्ती चौथऱ्यावर उभा आहे आणि चौथऱ्याला चाकं बसवायच्या जागा आहेत. रेडा आणि गेंडा चाकांवर आहेत. गेंडा पाहून मी सर्वांत जास्त चकित होतो. आज तो मुख्यतः आसाम-बंगालकडे बघायचा, पण हे घडवणाऱ्याला त्याच्या कातडीच्या घड्या चांगल्या ठाऊक होत्या.

रथ सुमारे 45 सेंटीमीटर लांब. वशिंडाचे दोन सडपातळ, लांबुडके बैल जुवाला जोडलेले. मागे भरीव चाकांच्या गाड्यावर पाय रोवून उभा असलेला एक उघडा माणूस, बैलांकडे लक्ष, हातात हाकायची काठी. आणि त्या माणसाच्या पुढ्यात, गाड्याच्या लांब दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. रथ म्हटला की राजा आठवतो, ध्वज आठवतो. या कारागिरानं कुत्रा घातला. शेतकऱ्याच्या गाडीबरोबर कुत्रा निघतोच. कधी गाडीखाली सावलीत चालतो, कधी वर चढून बसतो. ज्यानं हे ओतलं त्यानं बैलगाडी रोज पाहिली होती. मला त्या घडवणाऱ्याच्या नजरेबद्दल फार आदर आहे. एवढी जड वस्तू, मेणाचा साचा, ओतकामाचा धोका, आणि त्यातही त्यानं कुत्र्याला जागा केली.

या वस्तू किती जुन्या, यावर मात्र एकमत नाही. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी पुढे ठेवली: त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसं मिश्रण दिसत नाही, म्हणून शंका. हा वाद सुटत नाही त्याचं कारण एकच आहे. त्या वस्तू उत्खननात, थरात, जागच्या जागी सापडल्या नाहीत. मुळाबरोबर वर आल्या. शेजारी कोणतं खापर होतं, वर कोणती जमीन होती, खाली राख होती की काळी माती, हे कोणी पाहून ठेवायच्या आत त्या उचलल्या गेल्या. यात खणणाराचा दोष काडीचाही नाही. तो झाडाचं मूळ काढत होता आणि त्याच्यामुळेच त्या जगाला दिसल्या. पण पांढर साक्ष देते ती जागेवरून. वस्तू हातात घेऊन तिला विचारायला गेलं की ती गप्प बसते. संग्रहालयातल्या काचेआड वस्तू चमकते, तिचं सालसन मात्र मातीत राहून जातं.

आज रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि हत्ती, गेंडा, रेडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. तिथं ते सुरक्षित आहेत, देशोदेशीचे लोक ते पाहतात, हे योग्यच झालं. ज्या बैलांच्या खुरांखाली ही जमीन होती त्या जमिनीवर मात्र त्यांची साधी प्रतिकृतीही नाही, याचं मला वाईट वाटतं. आमच्या गावातला मुलगा रथ पाहायला दिल्लीला जाईल तेव्हा जाईल.

प्रवरेला पांढरींची मोठी भावकी आहे. वर संगमनेरकडे जोर्वे, खाली नेवाशाला लाडमोड. लाडमोडचं टेकाड सांकळिया, देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1954 ते 56 या काळात खणलं. त्या कामावरच्या ग्रंथाच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा उल्लेख आहे, कारण खणताना आधी अलीकडचा काळ लागतो आणि मग उतरत जावं लागतं. नेवाशाच्याच नदीकाठच्या खडीत अश्मयुगाची हत्यारं मिळाली, थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या रोमन कुंभांचे तुकडे मिळाले. समुद्र तिथून कितीतरी लांब, पण दारू-तेलाचे कुंभ बंदरात उतरून, घाट चढून, प्रवरेपर्यंत आले होते.

नेवाशाला एक खांबही आहे. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली, तेव्हा ज्ञानदेव ज्याला टेकून बसले असं वारकरी संप्रदाय मानतो तो दगडी खांब. मूळचा तो करवीरेश्वराच्या देवळातला, आणि त्यावर अखंड दिव्याच्या तेलासाठी दरमहा दिलेल्या दानाचा संस्कृत लेख कोरलेला आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ लिहून त्याला मराठी वाचकांच्या मनात कायमचं बसवलं. त्या पुस्तकाला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खांबाला देऊळ आहे, पूजा आहे, वारी आहे, पुस्तक आहे. त्याचं मला मनापासून बरं वाटतं. नदी तीच, खोरं तेच. पण खांबाला टेकायला कोणीतरी होतं म्हणून तो वाचला. पांढरीला तसा कोणी संत भेटला नाही, आणि चार हजार वर्षांपूर्वी इथं राहिलेल्यांत एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ज्यांची नावं उरली नाहीत त्यांच्यासाठी हात जोडायची सवय आपल्याला लागलेली नाही.

म्हणून पांढरींचा घात सहज होतो. पूर्वी धाब्याच्या घरावर पांढरी माती घालत. पाणी आत झिरपू देत नाही ही तिची खासियत. लोक दोन-चार पाट्या माती न्यायचे आणि टेकाडाला फारसं कळतही नसे. शेतातही खत म्हणून ती विस्कटत, कारण राख, शेण आणि हाडांनी तिचा कस वाढलेला असतो. आता पाटीच्या जागी जेसीबीचा बकेट आला. महाराष्ट्रभर अशी टेकाडं सपाट होऊन उसाखाली, प्लॉटिंगखाली गेली. एका दिवसात एक बकेट पाचशे वर्षं उचलतो. शेतकऱ्याला मी दूषण देणार नाही. त्याच्या सातबाऱ्यावर ते टेकाड म्हणजे पोटखराबा असतो, आणि त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी, त्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर येऊन सांगितलेलं नसतं.

सांगायची जबाबदारी आपण एका निळ्या पाटीवर टाकून मोकळे झालो आहोत. संरक्षित स्मारकापाशी ती पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. वर कायद्याचं नाव, 1958 चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, खाली शिक्षा. 2010 च्या दुरुस्तीनंतर नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भोवतीच्या 100 मीटरांत बांधकामाला मनाई, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी हवी. कायदा हवाच, आणि तो कडकच हवा. त्याच्याविना उरलंसुरलंही गेलं असतं. पण त्या पाटीवर काय करू नये ते असतं, जागा कोणाची आहे ते नसतं. वाचणारा घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो. घरातल्या आजीची ओळख पाहुण्याला करून देताना आपण तिचं नाव, माहेर, तिनं काय सोसलं ते सांगतो. तिला हात लावलास तर दंड होईल, असं म्हणून थांबत नाही.

मला विचाराल तर दायमाबादच्या कडेला एक दगड उभा करावा. आमच्या जिल्ह्यातलाच काळा पाषाण घ्यावा, म्हणजे रंग उडायची भीती नाही. अक्षरं मोठी, शेतावर जाणाऱ्याला सायकलवरून वाचता यावीत एवढी. मजकूर असा असावा: ‘इथं इ. स. पू. 2200 ते 1000 या बाराशे वर्षांत माणसं राहिली. त्यांनी गहू, जव, मूग, मसूर पिकवला, तांबं वितळवलं, मणी घडवले, तटाची भिंत बांधली. सिंधू लिपीतली अक्षरं इथं सापडली. त्यांची गेलेली लेकरं याच मातीत आहेत. रथ दिल्लीला आहे. हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईला आहेत.’ बस, एवढंच. शिक्षेचं कलम मागच्या बाजूला कोरावं.

दुसरं काम प्रतिकृतीचं. चारही वस्तूंच्या प्रतिकृती कांस्यात घडवून एखाद्या जवळच्या गावात ठेवता येतील; श्रीरामपूरला ठेवा, राहुरीला ठेवा, देवळाली प्रवऱ्याच्या नगरपालिकेनं एक दालन दिलं तर आमच्याकडे ठेवा. ओतारी महाराष्ट्रात अजून आहेत. मुलांना बैलांच्या वशिंडावर हात फिरवता यावा, दांडीवरचा कुत्रा बोटानं चाचपता यावा, म्हणून काच नको.

तिसरं शाळांचं. आमच्याकडच्या सहली शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासा, भंडारदरा अशा जातात. त्यात एक दुपार पांढरीला मिळावी. मास्तरांनी मुलांना आधी काळी आणि पांढरी यांतला रंगाचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखायला सांगावा. मग खापर उचलून बघावं, टिचकी मारून वाजवावं, रेघा मोजाव्यात आणि जिथून उचललं तिथंच ते पालथं ठेवावं. खिशात घालून घरी नेलेल्या खापराचं काय होतं ते कांस्याच्या रथाच्या गोष्टीवरून मुलांना लगेच कळेल. आणि घरी, वस्तीवर, कोणाच्या शेतात नांगराला काही जड, काही वेगळं लागलं तर ते कोणाला कळवायचं तेही तिथंच शिकवावं: तलाठ्याला, तहसीलदाराला, त्यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्याला. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल 1878 पासूनचा कायदा हेच सांगतो. कळवायच्या आधी वस्तू हलवू नये, पुसू नये, तिच्याभोवतीची माती तशीच राहू द्यावी आणि वर पोतं टाकून ठेवावं, म्हणजे पावसानं थर धुपत नाही.